लॉनवर चित्र काढायला निघालेल्या सुमेधला

जागा बघायला आदल्या दिवशी जा,
आणि लग्न ज्या वेळेला, त्याच वेळेला जा.
डी.पी. रोडच्या लॉनवर साडेपाचला नदीकडून वारा सुटतो.
मॅनेजर म्हणेल, वारा कुठला, झुळूक आहे.
त्याच्या हातात कॅनव्हास दे.

तीन बाय चारचा कॅनव्हास म्हणजे शीडच.
तिवईच्या तिन्ही पायांना वाळूच्या पिशव्या बांध.
वाळू विसरलास तर आचाऱ्याकडे तांदळाची पोती माग,
आणि परत कधी देणार ते आधी सांग.
एकदा माझ्यामुळे पंगत अडली होती.

तैलरंग घरी ठेव. अॅक्रिलिक घे.
मे महिन्यात पॅलेटवर त्याचा पापड होतो, ओलं फडकं खाली अंथर.
दमट हवेत उलट, काही केल्या वाळत नाही.
मेकअपवालीशी गोड बोल. ड्रायर तिच्याकडे असतो.

झाडं, कमान, दिव्यांच्या माळा घरीच रंगवून ने,
माणसांपुरती जागा कोरी सोड.
शालूचा रंग विचारू नकोस.
हिरवा सांगतील, येईल मोरपंखी.

मोबाइल म्हणतो, पावसाची शक्यता वीस टक्के.
पण ज्याचं लग्न भिजतं
त्याचं वीस टक्के भिजत नाही.
खडकवासल्याच्या बाजूला आभाळ शाईसारखं झालं
की वीस मिनिटं धर.
कुल्फीवाला गाडीची चाकं सोडवायला लागला
की दहा.

पुढच्या रांगेजवळ बसू नकोस.
अक्षता ओल्या रंगावर बरोबर नाकावरच बसतात.
चिमट्यानं काढ. बोट लावलंस तर नाक जाईल.
गुरुजी सावधान म्हणतात ते
तुलाही आहे.

हे सगळं पाळूनसुद्धा
गेल्या नोव्हेंबरात, भूगावच्या पुढे, पटवेकरांच्या लग्नात
तिसऱ्या मंगलाष्टकाला आलाच.
आडवा, थेंब मोजता येतील इतका जाड.
युनूसभाई डेकोरेशनवाले
निळी ताडपत्री घेऊन धावले ते थेट माझ्याकडे,
माणसं वाळतात म्हणाले, हे नाही वाळणार.
आणि आंतरपाट धरलेल्या दोघांनी
तो आधी गुरुजींच्या पोथीवर धरला.

मुहूर्ताला चार मिनिटं बाकी.
मध्ये कापड नाही.
अनघाच्या मुंडावळ्या गालाला चिकटलेल्या,
निहारच्या फेट्याचा गुलाबी रंग त्याच्या कानावरून कॉलरीत उतरतोय,
दोघं एकमेकांकडे बघून
असे हसले,
शाळेत बाकाखाली डबा खाताना सापडल्यासारखे.
मी ताडपत्रीखालून बघत होते.
ब्रश धुतलासुद्धा नाही.
हिरवा होता, त्याच हिरव्यानं दोन्ही तोंडं मांडली.

आठ दिवसांनी निहारची आई घरी आली.
चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली.
चांगलं आहे म्हणाली, पण आंतरपाट हवा.
मुहूर्ताआधी बघितलं, हे भिंतीवर कायमचं कशाला?

गिऱ्हाईक बरोबर असतं, सुमेध.
निदान उरलेले अर्धे पैसे येईपर्यंत तरी.
(अर्धे आधी घे. आणि कागदावर लिहून घे,
पाऊस आला तर चित्र घरी पुरं होईल,
पैसे कमी होणार नाहीत.)
मी आंतरपाट रंगवला. पांढरा, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक,
घड्यासुद्धा नीट पाडल्या.
तोंडांना हात लावला नाही.

आता त्यांच्या कोथरूडच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर,
दोन माणसं एका कापडाकडे बघून
पोट धरून हसताहेत.
पाहुणे विचारतात, यात हसण्यासारखं काय?
सासूबाई म्हणतात, चित्रकाराची चूक.
अनघा चहा आणायला आत जाते.

ताडपत्र्या दोन घे.
एक तुझ्यासाठी.